जावेसाठी मागणं

स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी आम्ही नवरा-बायकोनं बाप्तिस्मा घेतला, आणि माझ्या जावेनं माझ्याशी बोलणं टाकलं. मी रोज सकाळी प्रार्थनेत देवापुढे तिचीच गाऱ्हाणी मांडायची. एकदा चर्चच्या मंडळीतल्या एका म्हाताऱ्या बाईनं ती ऐकली.

"देवाले मन नवं कर म्हणतेस, अन् रोज त्यात जुनाच राग भरतेस," ती म्हणाली. "तिच्यासाठी काई चांगलं मागून पाय."

मी आधी नाइलाजानंच मागू लागले. तिच्या धानासाठी, तिच्या लेकरांसाठी. वर्ष तसंच गेलं.

मग एकदा चामोर्शीच्या बाजाराहून येताना जाऊ वाटेत धापा टाकत बसलेली दिसली. मी तिचं गाठोडं उचलून डोक्यावर घेतलं. आमच्यात अबोला आहे, हे मला अर्ध्या वाटेत आठवलं. ती माझ्या बरोबरीनं चालत होती.