द्रावक कायले बदलता

नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली असतील. गोंदियाच्या एका कॉलेजात शिकवता शिकवता मी पीएच.डी. करत होते. गुलाबासारखा वास असलेल्या एका तेलाचं प्रकाशाच्या मदतीनं ऑक्सिडेशन करायचं, हा माझा विषय. विभागप्रमुख सरच माझे मार्गदर्शक. ते कामठ्याकडचे, मोठ्या शेतीवाल्या घरातले.

पाणी मिसळलेल्या अल्कोहोलात तेल आणि निळा रंग घालून मी बल्बपुढे ठेवत असे. दिवस मावळला तरी तेल बहुतेक तसंच. सरांचं निदान तयार होतं: उजेड कमी पडतो. त्यांनी वरातीत लावतात तसला हॅलोजन आणवला. संस्थेच्या अध्यक्षांनी हार घालून घेतला, नारळ फोडला आणि बटण दाबलं. दुपारपर्यंत अल्कोहोल उडालं, रंग फिका पडला, तेल मात्र शाबूत.

मी सरांना समजावलं. रंग उजेड घेतो आणि हवेतल्या ऑक्सिजनला चेतवतो. तो चेतलेला ऑक्सिजन तेलाशी भिडतो, पण पाण्यात, अल्कोहोलात त्याचं आयुष्य फार थोडं. तेलाशी गाठ पडायच्या आत तो थंड होतो. अॅसिटोनायट्रिल या दुसऱ्या द्रावकात तो कितीतरी जास्त टिकतो.

सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, द्रावक कायले बदलता? ते तर नुसतं भिजवाले असते."

शेवटी नागपूरच्या मैत्रिणीकडून मीच अॅसिटोनायट्रिलची एक बाटली आणली. हॅलोजनला हात न लावता जुनाच बल्ब पेटवला. लोडशेडिंगची वेळ व्हायच्या आत तेल जवळजवळ संपलं होतं. तपासणीच्या पट्टीवर त्याचा ठिपका शोधावा लागला. मी आनंदानं एकटीच हसले.

सरांनी त्याच दिवशी अध्यक्षांना फोन करून हॅलोजनचं यश कळवलं. तो बंद होता, असं मी सांगितल्यावर ते म्हणाले, की सुरुवातीचा जोर त्याचाच.

पुढे तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सरांनाच विचारलं, "द्रावकाची कल्पना कशी सुचली?"

"आमच्या विभागात आधीपासून त्याच्यावरच जोर देऊन राहिलो आम्ही," सर म्हणाले, आणि बाकीचं मी सांगावं म्हणून माझ्याकडे पाहिलं.

मी सांगितलं. सर प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. मला पदवी मिळाली, आणि वर्षभरात सर प्राचार्य झाले.