तात्यांना न दिलेलं प्रकरण

माझ्या कादंबरीचं एखादं प्रकरण वाचून झालं की तात्या कागद उपडे ठेवायचे, डोळे मिटायचे आणि माझीच गोष्ट मला सांगायला लागायचे. पेन कधी हातात धरलं नाही. "सांगताना जे इसरलं ते काढ गड्या. त्याला जीव न्हाई."

सांगलीच्या एका सरकारी कचेरीत आम्ही शेजारी बसायचो. तात्या आटपाडीकडचे, मेंढपाळाच्या घरातले, बिरोबाच्या जत्रेत ओव्या गाणारे. तिकडं ओवी गायची आणि मग तीच कथा साध्या बोलीत सांगायची, अशी रीत. माझ्या कादंबरीला त्यांनी तीच लावली. मी पाटणचा. कोयनेच्या पाण्याखाली बुडालेलं गाव तळाशी अजून नांदतंय, त्याला एक राणी आहे, अशी ती अद्भुतकथा.

माझी राणी रडत बसायची. तात्यांच्या सांगण्यात ती धरणाच्या भिंतीला लाथा घालायची आणि वर कोयनानगरात फळीवरची भांडी पडायची.

"तात्या, हे मी लिहिलेलं न्हाई."

"लिवलं न्हाईस, पर हाय की त्यात!"

ते हसले. मी ते गुपचूप लिहून घेतलं आणि वर संशय धरला. एवढं रंगवतात म्हणजे जत्रेत गाणार; तिथं माझं नाव कोण घेतंय?

"शेवट कवा देतूस रं?" असं ते रोज विचारायला लागले, तशी माझी खात्रीच पटली. मी घाईघाईत एक खोटा शेवट लिहून दिला. तात्या सांगायला बसले आणि मधेच अडकले. "ह्यात तू कुठं दिसंना. असू दे, दुरुस्त करू." पुढं कित्येक दिवस जेवणाची सुट्टी त्यांनी त्या खोट्यावर घालवली. मी मान डोलवत राहिलो.

जत्रेला मी चोर पकडायलाच गेलो. मागं बसून ऐकलं. सगळ्या जुन्या ओव्या. माझ्या राणीचा मागमूस नाही. तात्यांनी मला पाहिलं, चहा घेऊन आले.

"ऐकाय आलास का राखण कराय?"

"ऐकायला."

"लय कच्चा खोटारडा हायस गड्या. खरा शेवट आणलायस का?"

पिशवीत होता. "न्हाई, तात्या," म्हणालो. लाजेनं म्हणालो की अजूनही भरवसा नव्हता म्हणून, ते आजही सांगता येत नाही.

त्या उन्हाळ्यात तात्या गेले. कादंबरी पिशवीतल्या त्या शेवटासह छापून आली. वाचक भेटतात. राणी भिंतीला लाथा घालते तिथं अंगावर काटा येतो, म्हणतात. शेवट मात्र एकट्यानं लिहिल्यासारखा वाटतो.