अर्धा कॉलम आणि आमचा गोलकीपर

परवा प्राचार्यांचा निरोप आला. हंगाम तोंडावर आलाय, फुटबॉलच्या संघाबद्दल अर्धा कॉलम लिहून द्या, पेपरला पाठवायचाय. निरोप घेऊन शिपाई आला होता. मी त्याला म्हटलं, "जाऊन सांग, सरांच्या हाताला लकवा मारला." तो दारातच उभा राहिला. "खरंच सांगू काय सर?" म्हटलं, "हाव, खरंच सांग. आणि दार लावून घे."

त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती. पण हा अर्धा कॉलम म्हटलं की माझं डोकं फिरतं, आणि गेलं वर्षभर ते फिरलेलंच आहे.

मी या कॉलेजात खेळ शिकवतो. वीसेक वर्षं झाली. आंतरमहाविद्यालयीन सामने सुरू व्हायच्या आधी पेपरच्या जिल्ह्याच्या पानावर आमच्या संघाची चार ओळींत माहिती यावी, अशी पद्धत मीच पाडली. कारण फुटबॉलला आमच्याकडे कुत्रं विचारत नाही. क्रिकेट म्हटलं की वर्गणी निघते, कबड्डी म्हटलं की पाहुणे येतात, फुटबॉल म्हटलं की लोक विचारतात, "ते कायले खेळता बे?" मैदानाचं तर विचारूच नका. सोयाबीन निघालं की संस्थेच्या अध्यक्षसाहेबांचं पीक आमच्या मैदानावर वाळायला पडतं. ऐन सामन्यांच्या तोंडावर! पेनल्टी बॉक्समध्ये ताडपत्री, मधल्या वर्तुळात सोयाबीन, आणि माझे पोट्टे कडेकडेने धावताहेत. एका वर्षी गोलची जाळी गायब झाली. शोधली तर अध्यक्षसाहेबांच्या मळ्यात कोथिंबिरीवर सावली धरून होती. मी बोललो तर प्राचार्य म्हणाले, "सर, जाळीच आहे ना, परत येईल." आली. मोठ्ठं भगदाड घेऊन आली.

तरी गेल्या वर्षीचा संघ असा होता की मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं. आमच्याकडे पोरांना गावाच्या नावानेच हाक मारतात, मीही तेच करतो. डाव्या बाजूला सोनाळ्याचा, लहानपणापासून सातपुड्याच्या पायथ्याशी बकऱ्यांमागे धावलेला, नव्वद मिनिटांनंतरही श्वास न लागणारा. मधे उंद्रीचा, डोकं असलेला पण रेफरीशी हुज्जत घालायची खोड असलेला. पुढे अध्यक्षसाहेबांचा पुतण्या. त्याच्याकडे तीन जोड बूट होते आणि एकही पाय नव्हता, पण त्याला बाहेर बसवायची माझी टाप नव्हती. आणि गोलमध्ये आमच्या फळबाजारातला.

त्याला मी कसा शोधला ते सांगतो. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात पिशवी घेऊन सकाळी बाजारात गेलो होतो. टरबुजांचा ट्रक खाली होत होता. आमच्याकडे टरबुजं टोपलीत भरून उतरवत नाहीत. एक जण ट्रकवर उभा राहतो आणि एकेक टरबूज खाली फेकतो, खालचा झेलतो आणि मागे रचतो. चार-पाच किलोचं फळ वरून येतं, हात जरा ताठ राहिले तर तडकून लाल पाणी अंगावर. खाली एक उंच, सडपातळ पोट्टा उभा होता. फळ हातात आलं की त्याचे हात फळाबरोबरच मागे जायचे, झोपलेलं लेकरू घेतल्यासारखे. आवाज नाही. वरचा मुद्दाम बाजूला फेकत होता, हा तिरका झुकून तेही घेत होता. मी पिशवी विसरलो.

"कॉलेजात आहेस का रे?" मी विचारलं.

"हाव सर, तुमच्याच. बीएले नंबर लागला."

"मग मैदानावर काऊन नाही येत बे?"

"मले कोनी बलावलंच नाई."

मला आजही त्या उत्तराचा राग येतो. बोलवायचं काम माझंच होतं ना.

तो आला. तीन वर्षं आला. बाप फळांचा व्यापारी, मी त्यांना चाचा म्हणतो. चाचांनी अट घातली होती: सकाळी सहा ते नऊ बाजार, मग काहीही कर. उन्हाळ्यात टरबुजं, पावसाळ्यात पपई नि कोहळी. नऊला बाजार सुटला की हा घरी जाऊन अंघोळ करायचा आणि दहाच्या तासाला ओल्या केसांनी पहिल्या बाकावर बसायचा. हजेरीत त्याच्यासारखा पोट्टा आमच्या कॉलेजात दुसरा नव्हता. संध्याकाळी मैदान.

एकदाच तो स्वतःबद्दल काही बोलला. सराव झाल्यावर बूट सोडता सोडता म्हणाला, "सर, एकडाव विद्यापीठाची जर्सी घालाची हाय. अब्बाले दाखवाची हाय फक्त." जर्सी मिळायची तर आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत निवड समितीच्या नजरेत भरावं लागतं. आणि गेलं वर्ष त्याचं शेवटचं होतं. बीए झालं की दुकान, हे घरात ठरलेलं होतं, त्यालाही मान्य होतं. त्याला फक्त ती एक जर्सी पाहिजे होती.

म्हणून मी तो अर्धा कॉलम जीव ओतून लिहिला. निवड समितीतल्या कुणाच्या तरी वाचनात येईल, मैदानावर त्याच्याकडे आधीच डोळे लागतील, असा माझा शहाणपणा. सोनाळ्याला एक ओळ, उंद्रीला एक ओळ, पुतण्याला नाइलाजाने दोन. बाकी सगळा कॉलम गोलकीपरचा. त्यात मी लिहिलं: "हा गोलरक्षक रोज सकाळी सहा ते बारा बाजारात फळं झेलतो आणि संध्याकाळी चेंडू. आजवर त्याच्या हातून एकही फळ फुटलेलं नाही."

सहा ते बारा! नऊ नाही, बारा. का लिहिलं मी ते? कोणी सांगितलं होतं? नऊ लिहून पाहिलं होतं, ते मला लुकडं वाटलं. बारा लिहिल्यावर वाक्य कसं भरल्यासारखं वाटलं. वीस वर्षं पोरांना शिकवतोय, चेंडू बाहेर गेला असेल तर स्वतः हात वर करा, रेफरीची वाट पाहू नका. आणि स्वतः तीन तास खिशातून काढून त्या पोट्ट्याच्या अंगावर टाकले.

पेपर आला त्या दिवशी बाजारात पेढे वाटले चाचांनी. चार दिवस मी छाती काढून फिरलो. पाचव्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं.

टेबलावर माझंच कात्रण होतं. "सहा ते बारा" खाली लाल पेनाने दोन रेघा. दुसऱ्या एका कॉलेजच्या खेळाच्या सरांनी विद्यापीठाकडे तक्रार केली होती: जो विद्यार्थी रोज दुपारपर्यंत बाजारात काम करतो तो नियमित विद्यार्थी कसा, त्याला पात्र धरू नये. हा माणूस माझ्या ओळखीचा. माझ्या घरी दोनदा जेवून गेलेला, दुसऱ्या वेळी तर ठेच्याची बरणी बांधून नेलेली. त्याआधीच्या मोसमात आमच्या पोट्ट्याने त्याच्या संघाच्या दोन पेनल्ट्या अडवल्या होत्या, ते त्याला पचलं नव्हतं. अरे, तुझ्या संघाला दम धरा म्हणून सांग, गोल मारायला शिकव! कात्रणं कसली कापत बसतोस?

"साहेब, पोट्टा रोज वर्गात असतो. हजेरीपट मागवा," मी म्हटलं.

"हजेरीपट आहे हो," प्राचार्य म्हणाले. "पण तपासणी समिती यायचीय पुढच्या महिन्यात. उद्या कुणी विचारलं, पेपरात बारा आणि तुमच्या पटावर दहाला हजर, तर खोटं कोण? कॉलेज?"

"पुतण्या तर वर्गाचं दारही ओळखत नाही. त्याची हजेरी माझ्यापेक्षा जास्त आहे!"

"त्याच्याबद्दल पेपरात आलंय का काही?"

प्राचार्यांनी कात्रण माझ्याकडे सरकवलं. "तुम्ही असं करा सर. लेखी द्या. 'सहा ते बारा हे मी मनाने लिहिलं, खरी वेळ सहा ते नऊ आहे.' सही करा. मी हजेरीसोबत पाठवून देतो. त्यांना पटलं तर ठीक."

एवढंच होतं. तीन ओळी आणि सही. तिथल्या तिथे, त्यांच्याच पेनाने व्हायचं काम. आणि मी म्हटलं, "विचार करून देतो."

कसला विचार? आपण पेपरात खोटं लिहिलं हे आपल्याच अक्षरात लिहून द्यायचं, ते फाइलला लागणार, स्टाफरूममध्ये मराठीचे सर हसणार, पुढच्या वर्षी आपला कॉलम कोण वाचणार, हा विचार! थू अशा विचारावर. पहिल्या दिवशी मी प्राचार्यांना शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी त्या ठेचा नेणाऱ्याला. दोन्ही दिवस पोट्टा मैदानावर डाईव्ह मारत होता, मी शिट्टी वाजवत होतो, आणि त्याला एका शब्दाने सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कागद लिहून नेला. प्राचार्य म्हणाले, "सर, पात्रतेची यादी काल संध्याकाळी बंद झाली. त्याचं नाव नाही त्यात."

त्यांनीही दोन दिवसांत मला एक फोन केला नाही. तारीख त्यांना माहीत होती. पण त्यांच्या नावाने बोटं मोडून काय करू, कागद लिहायचा मलाच होता.

त्याला मी सगळं सांगितलं. बारा कसे लिहिले, दोन दिवस कसे घालवले, सगळं. वाटलं, शिवी देईल, दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं हातातले ग्लोव्हज काढले, माती झटकली आणि विचारलं, "मंग गोलमधी कोन उभं राह्यते सर? उंद्रीवाला राहू शकते. मी शिकवतो त्याले."

आणि शिकवलं त्यानं. सामन्याच्या दिवशी पपया कापून घेऊन आला, गोलच्या मागे उभा राहून उंद्रीच्याला ओरडून सांगत होता, "पुढं ये बे! हात ढिले सोड!" पाच गोल खाल्ले आम्ही. निवड समितीतले एक गृहस्थ माझ्याजवळ आले. "सर, पेपरात वाचलं होतं तुमच्या गोलकीपरबद्दल, टरबूजवाला. तो कुठे आहे?" मी बोट दाखवलं. तो जाळीच्या पलीकडे सोनाळ्याच्याला पपई देत होता.

हे सगळं गेल्या वर्षीचं. आणि यंदा त्याच प्राचार्यांना पुन्हा अर्धा कॉलम पाहिजे. शिपायाला हाकलल्यावर मला बसवेना. मैदानावर गेलो, तर सोयाबीन अजून यायचं होतं तरी ताडपत्र्या येऊन पडल्या होत्या. तिथून तरातरा बाजारात गेलो. मनाशी ठरवलं, आज चाचांना सांगायचं. पोट्ट्याला सांगितलं, पण बापाला कधीच तोंड दाखवलं नव्हतं.

दुकानात शिरलो आणि समोरच ते दिसलं. माझं कात्रण. लॅमिनेशन करून, काट्याच्या वर, जिथे लोक देवाचा नाहीतर मक्केचा फोटो लावतात तिथे. चाचा उठून उभे राहिले. "या सर, या! बसा. चा सांगतो." मग आवाज उतरवून म्हणाले, "सर, तुमची माफी मांगाची होती. तुमी इतकं लिहिलं आन् या गधड्यानं फार्म भराची तारीखच चुकवली. म्या पंधरा दिवस बोललो नाई त्याच्यासंग."

मी मागे पाहिलं. तो पपयांच्या कागदात हात घालून उभा होता. माझ्याकडे पाहत होता.

"चाचा, ऐका," मी म्हटलं, "ते तसं नाही झालं..."

"सर," तो मधेच म्हणाला, "वाचून दाखवा ना अब्बाले ते. तुमच्या तोंडून कधी ऐकलं नाई त्याईनं."

चाचांना उर्दू वाचता येतं, मराठी वाचता येत नाही. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "हाव, हाव! वाचा सर!" गिऱ्हाइकाला त्यांनी हातानेच थांबवलं. मी पोट्ट्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली, नाही म्हणून, अगदी थोडी.

मी वाचायला लागलो. सोनाळा, उंद्री, पुतण्या. मग गोलकीपर आला. "हा गोलरक्षक" एवढं वाचलं आणि ते पुढचं मी गाळलं. सरळ "एकही फळ फुटलेलं नाही" वर उडी मारली आणि थांबलो.

चाचा माझ्याकडे बघत होते. "सर, एक राह्यलं," ते हसून म्हणाले. "सहा ते बारावालं. मले पाठ हाय. म्या तं त्याले नऊलेच सोडो. पन तुमी बारा लिहिलं ना, लई बरं वाटलं. म्हटलं, पोट्ट्याची मेहनत कोनाले तं दिसली. तेच वाचा सर, तेच सगळ्यात चांगलं हाय."

मी ते वाचलं. त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला सांगितलं, तेव्हा दुसऱ्यांदाही वाचलं.