बेथलेहेमच्या बंद दाराबाहेर

त्या वर्षी मी देवाशी बोलणं टाकलं होतं. हे मी खाली मान घालून लिहीत नाही. मला राग आला होता, रागाला कारण होतं, आणि ते कारण आजही मला पटतं. माझी आई नगर जिल्ह्यातल्या एका गावात चाळीस वर्षं शिक्षिका होती आणि दर रविवारी चर्चच्या मंडळीतल्या मुलांचं संडे स्कूल घ्यायची. तिच्याकडे पवित्र देशाचा एक कापडी नकाशा होता. त्यावर छडी टेकवून ती गालील, नासरेथ, यार्देन, यरुशलेम अशी नावं मुलांकडून घोकून घ्यायची. स्वतः मात्र पुण्यापलीकडे फारशी गेलेली नव्हती. बाबा गेल्यावर मी तिला मेलबर्नला, वेरिबीतल्या माझ्या घरी आणलं, तेव्हा तिने एकच मागणं मागितलं. म्हणाली, "मला एकदा बेथलेहेम दाखव. बाकी तुझं ऑस्ट्रेलिया नाही दाखवलंस तरी चालेल."

मी आज-उद्या करत राहिले. नवी नोकरी, लॅबमधल्या शिफ्ट, घराचं सामान, असं काही ना काही निघत गेलं. मग तिला वाचताना ओळी तुटायला लागल्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळ्यांचा पडदा झिजतोय आणि त्यावर इलाज नाही. आधी मधलं दिसणं जाईल, कडेचं थोडंफार उरेल. वर्षभरात माणसांचे चेहरे ओळखू येणार नाहीत, तेव्हा जे पाहायचं असेल ते आधी पाहून घ्या. मी त्याच आठवड्यात ईस्टरनंतरच्या यात्रेत दोन जागा नक्की केल्या. आईने सुटकेस महिनाभर आधी भरली. आणि करोना आला. इथून बाहेर जायला बंदी, तिथे आत जायला बंदी.

ज्या दिवशी यात्रा रद्द झाल्याचा फोन आला त्या दिवशी मी बाथरूमचं दार लावून देवाला स्पष्ट विचारलं. जिने जन्मभर तुझं गाव मुलांच्या तोंडी बसवलं, तिला ते एकदा दाखवायला तुझं काय जात होतं? जग बंद करायला तुला हेच एक वर्ष सापडलं? उत्तर आलं नाही. मग मीही अबोला धरला. रविवारी आई लॅपटॉपसमोर पदर डोक्यावर घेऊन ऑनलाइन उपासनेला बसायची, आणि मी स्वयंपाकघरात मुद्दाम भांडी वाजवत राहायची. पाळकसाहेब "यातही देवाची योजना आहे" म्हणाले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आई माझ्यावर रागावली नाही. तिचा हट्ट माझ्याहून मोठा होता, एवढंच. इथल्या हिवाळ्यात, ऑगस्टमध्ये, लॉकडाउन आणखी कडक झाला आणि दिवसातून फक्त एक तास फिरायची मुभा उरली. तेव्हा एके दुपारी ती चाकाचा वॉकर ओढत दाराशी जाऊन उभी राहिली. "एक तास मिळतो ना? मग एका तासात जेवढा देश बसेल तेवढा बघू." आमच्या घरामागच्या पायवाटेवर तिने आपला नकाशा बसवला. तळं म्हणजे गालील. लाकडी पूल म्हणजे यार्देन. पुढे थोडा चढ होता, ते यरुशलेम. आणि तिथून वळून खाली आल्यावर एका घराच्या कुंपणापाशी ती वॉकरच्या सीटवर टेकायची, ते बेथलेहेम. तिथे बसून वर्गात बोलावं तशा खणखणीत आवाजात ती येशूच्या जन्माचा सगळा प्रसंग सांगायची. ऐकायला मी एकटी, तीही मास्कमागे ओठ आवळून उभी.

दहा-बारा दिवसांनी त्या कुंपणापलीकडून एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. उंच, पांढऱ्या मिशा, हातात झाडं छाटायची कात्री. अंतर राखून ते इंग्रजीत म्हणाले, "माफ करा, तुमची भाषा मला कळत नाही. पण रोज माझ्या दाराशी बसून तुम्ही बेथलेहेम म्हणता. का?" आईने छाती पुढे काढून सांगितलं, "बिकॉज धिस इज बेथलेहेम." त्यांनी कात्री खाली ठेवली. मग त्यांनी मास्क सारखा केला आणि म्हणाले, "मी बेथलेहेमचा आहे. माझा जन्म तिथला."

मी इथे काही सिद्ध करायला बसलेली नाही. ती जागा आईने निवडली ती तिथे तिचे गुडघे दुखायला लागायचे म्हणून. वेरिबीत एवढी घरं आहेत, आणि तिचे गुडघे नेमके त्या घरासमोर दुखत होते. जे झालं ते मी सांगते आहे.

त्यांची ओळख मात्र भांडणाने झाली. आईने त्यांना हौसेने सांगितलं की आमच्याकडे नाताळात मुलं कडब्याचा गोठा करतात, जमीन शेणाने सारवतात आणि त्यात बाळ येशूला ठेवतात, कारण तो तसाच गोठ्यात जन्मला. त्यांनी मान हलवली. म्हणाले, गोठा कसला? गुहा. त्यांच्या आजोबांच्या घरातही माणसं वर राहायची आणि बकऱ्या खाली गुहेत, गव्हाणीसुद्धा दगडात कोरलेली. आईला ते सहन झालं नाही. "नो, नो. गोठा. आय नो. फॉर्टी इयर्स आय हॅव टॉट." ज्या माणसाचा जन्म त्या गावात झाला त्याला ती त्याचंच गाव शिकवत होती. दोन दिवस तिने त्या वाटेला जायचं नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच निघाली आणि कुंपणापाशी टेकून म्हणाली, "ब्रदर, आय टॉट राँग. नाउ यू टीच मी."

मग ते रोज कुंपणापलीकडे खुर्ची टाकून बसू लागले. बेथलेहेमच्या गल्ल्या, तिथला दगड, येशूच्या जन्मस्थळावर बांधलेल्या ख्रिस्तमंदिराचं ठेंगणं दार, ज्यातून राजालाही वाकून जावं लागतं, असं सगळं ते सांगायचे. एकदा त्यांनी सांगितलं की त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांचा थोरला भाऊ तिथे वारला आणि त्यांना मातीला जाता आलं नाही. आई म्हणाली, "मग आपण दोघं एकाच दारात अडकलोय." त्या दिवशी पहिल्यांदा मला जाणवलं की माझ्या रागात माझ्याशिवाय कुणाला जागाच नव्हती. तरी राग गेला नाही.

आईची नजर झपाट्याने उतरत होती. घरी कपात साखर टाकताना चमचा बाहेर पडायचा, कुंपणापाशी ती त्यांच्याकडे मान वळवून कडेने बघायची. ते त्यांच्या लक्षात आलं असावं. एके दुपारी तीन वाजता त्यांनी बेथलेहेमला बहिणीला फोन लावला आणि तिला माझा नंबर दिला. तिथे सकाळचे आठ वाजले होते. तिचा व्हिडिओ कॉल माझ्या फोनवर आला. ती घरातून मंदिरापर्यंत चालत जाणार होती. आईला समोर धरलेलं दिसत नव्हतं, म्हणून मी फोन तिच्या उजव्या कानशिलाजवळ, थोडा तिरका धरून उभी राहिले. स्क्रीन तिच्याकडे, पाठ माझ्याकडे. मला ऐकू येत होतं ते फक्त बाईंच्या चपलांचा आवाज, कुणाची तरी हाक, कोंबडा. मग पावलं थांबली. बाई म्हणाल्या, "सॉरी. इट इज क्लोज्ड." त्या आठवड्यात तिथेही पुन्हा बंदी लागली होती.

माझा बांध फुटला. भर रस्त्यात, मराठीत, वर बघून मी ओरडले, "इथेसुद्धा? फोनवरसुद्धा? तुला एवढंही बघवत नाही का?" ओरडताना हातातला फोन तिच्या कानशिलापासून सरकला.

"गप्प बस," आई म्हणाली. "आणि फोन हलवू नको."

मग अगदी शांतपणे, धडा समजावून द्यावा तशी ती म्हणाली, "येशू जन्मला त्या रात्री मरीयेला तरी सराईत कुणी आत घेतलं होतं? तिलाही बंद दारं बघतच फिरावं लागलं ना? आपण बरोबर जागी येऊन उभ्या आहोत." आणि बाईंना म्हणाली, "सिस्टर, शो मी द डोअर. स्लोली." ती ते दार बघत राहिली. बाई एकेक सांगत गेल्या, वरचे मोठे दगड, बुजवलेली कमान, खालचं ठेंगणं दार. बाईंनी दगडाला हात लावल्याचं सांगितलं तेव्हा आईनेही हवेत हात पुढे केला. "केवढं लहान दार गं," एवढंच म्हणाली. कुंपणापलीकडे ते गृहस्थ टोपी हातात घेऊन उभे होते.

परतताना पुलावर मी देवाशी बोलले, कित्येक महिन्यांनी. म्हटलं, माझा राग आहे तो आहे. पण थँक यू.

सीमा उघडल्या तोवर आई मला पावलांच्या आवाजावरून ओळखू लागली होती. मी म्हटलं, आता जाऊ या, मी तिकिटं काढते. ती हसली. "माझं बघून झालंय. राहिलीस तू. फोन माझ्याकडे करून उभी होतीस, तुला कुठे काय दिसलं?"

खरं होतं ते. त्या दहा मिनिटांत मला बेथलेहेमचा एक दगडही दिसला नव्हता. मला दिसला तो तिचा चेहरा. तो कसा होता हे मी तिला सांगायला गेले आणि मला रडू फुटलं, तेव्हा तिने चाचपडत माझे गाल शोधले आणि पुसले.

आमची यात्रा झाली ती एवढीच. मला हवं होतं तसं काही मिळालं नाही, आणि जे मिळालं ते मागायचं मला सुचलंही नसतं. आता मी देवाला कारणं विचारत नाही असं नाही, रोज विचारते. पण तोंड फिरवत नाही. सकाळी आईला चहा देते. ती कप हाताने शोधते, माझ्या दिशेने बघते, आणि तिला माझा चेहरा दिसत नाही. मला तिचा दिसतो. तिथेच उभी राहून मी प्रार्थना करते.