नकोची तालीम

लग्न होऊन आले तेव्हा मला एकाच गोष्टीचा तोरा होता. माझ्या पंगतीतून कुणी पोटात जागा ठेवून उठलं नाही. पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरला, की मी बोटांच्या फटीतून मासवडीचा रस्सा ओतायची. माणूस बोटं चाटत बसायचा आणि मला वाटायचं, काय मी सुगरण! अक्कल तेवढीच, पदर मात्र कमरेला घट्ट. आणि स्वतःची तऱ्हा काय होती? नवी नवरी म्हणून मावससासूकडं जेवायला गेले, 'नको' म्हणायची लाज वाटली, पुरणपोळ्या वाढतील तेवढ्या खाल्ल्या, आणि परत येताना एसटीत शेजारच्या परक्या बाईच्या मांडीवर... जाऊ दे. ती बाई अजून मला शिव्या देत असेल.

हे सगळं परत आठवलं ते नातवाच्या शाळेत.

नातू नववीत. यंदा आमच्या यात्रेत तो पहिल्यांदाच घाटात जाणार होता, म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीच्या चढावर, थोरल्या चुलतभावाचे बैल धरायला. त्याला आनंद, मला घोर. मागच्या यात्रेत गाडा पहिला आल्याच्या खुशीत त्याच्या शाळेतल्याच एका पोराला मोठ्या माणसांनी पाजली. पोराला पिकअपमध्ये आडवं घालून मंचरला सलाइन लावायला न्यावं लागलं. शुद्धीवर आल्यावर ते एवढंच म्हणालं, "मी नको म्हणत व्हतो." हे वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना.

म्हणून शाळेनं यात्रेच्या आधी दारूवर कार्यक्रम ठेवला. आम्हा पालकांनाही बोलावलं. कार्यक्रम घेणारी मॅडम तरुण, आवाज गोड. तिनं आधी पडद्यावर सडलेलं लिव्हर दाखवलं. पोरांनी 'कलेजी, कलेजी' म्हणत खिदळून घेतलं. मॅडम हुशार. म्हणाली, "माहिती झाली. आता नको म्हणायची तालीम करू. एकानं आग्रह करायचा, दुसऱ्यानं नाही म्हणायचं." ग्लासात लिंबू सरबत ओतलं आणि आग्रह करायला सरांना उभं केलं.

सर म्हणाले, "घेतोस का?" हजेरी घेतल्यासारखं!

मागच्या बाकावरून माझ्या तोंडून निघून गेलं, "असं इचारलं तर पाणीबी कुणी प्यायचं न्हाई!"

"मग आजी, तुम्हीच या," मॅडम म्हणाली.

मला तेवढंच पाहिजे होतं. पदर खोचला, नसलेल्या मिशीला पीळ दिला आणि ग्लास घेऊन पहिल्या पोरापुढं उभी राहिले.

"नको मामा," ते म्हणालं.

"अरं, मामाचा एवढाबी मान न्हाई व्हय?"

प्यायलं. पुढची एक मुलगी म्हणाली, "माझं पोट दुखतंय." म्हटलं, "त्याच्यावरचंच औषध हाय ह्ये." ती हसता हसता प्यायली. "उद्या पेपर हाय," म्हणणाऱ्याला म्हटलं, "मग तर डोकं चालाया पायजे!" तोही प्यायला. वर्ग हसून लोळत होता. मॅडम टाळ्या वाजवत होती, पण तिचा चेहरा उतरत चालला होता.

मग नातू उभा राहिला. "नको आजी," म्हणाला. मी नुसत्या भुवया उडवल्या. तो लाजून हसला आणि ग्लासाला हात घातला.

माझा तोरा तिथंच उतरला. सरबत होतं म्हणून बरं.

घरी येताना मी त्याला झापलं. "एवढं मॅडमनी शिकवलं आन् लगेच प्यालास?"

"मंग काय करू? घरात माझं नको कधी ऐकलंस तू? मी नको म्हणलं की तू आजून वाढती. मला वाटतं, नको म्हंजी वाढा."

एवढी वर्षं ज्याला मी माया म्हणत आले, त्याचीच तर तालीम पोर जन्मल्यापासून करत होतं. मॅडमच्या एका तासानं ती कशी पुसली जाणार होती?

यात्रेच्या दिवशी दुपारी अंगणात पंगत बसली. मी मासवडी घेऊन फिरत नातवापाशी आले.

"नको आजी."

हात आपोआप खाली गेला होता, तो मी वर ओढला.

नणंद ओरडली, "अगं वाढ की! लाजतंय पोरगं."

"नको म्हणलाय त्यो."

"म्हणलं तरी वाढायचं असतंय. म्हातारपणी चिक्कू झालीस गं!"

"झाले," म्हटलं आणि पुढं सरकले. नातू माझ्याकडं बघतच राहिला. मग जेवून घाटात गेला. मी भांडी घासायच्या निमित्तानं रस्त्याकडं तोंड करून बसले. एकेक पिकअप आली की मागं कोण आडवं आहे का ते बघायला उठायची.

दिवस कलता कलता गुलालानं माखलेले दोघं भाऊ आले. नातू सरळ चालत बैलांना पाणी दाखवायला गेला. थोरला मात्र फुरंगटून ताटावर बसला.

"आजी, लई शेफारलंय तुझं नातवंड. गाडा आला, समदे खुशीत, मी ग्लास पुढं केला तर नको म्हणतो. मोठ्या भावाला! परत म्हणलं, परत नको. वर मला काय म्हणतो, 'माझं नको आजी ऐकती, तुला ऐकाया काय झालं?' चारचौघांत हसली राव लोकं मला."

मी त्याला भाकरी वाढली, मासवडी वाढली, रस्सा वाढला. परत पळी भरून आणली तशी त्यानं ताटावर आडवा हात धरला. बोटं फाकलेली. फटी अगदी माझ्या नेमाच्या. रस्सा कढत.

"आजी, नको. खरंच नको."

पळी मी तशीच त्याच्या बोटांवर धरून ठेवली. त्यानं मान वर केली.

"ऐकलं," म्हटलं, आणि पळी पातेल्यात सोडली.

तो बराच वेळ तसाच, ताटावर हात धरून बसला होता.