साडूंचा लाल टिपका

परभणी जिल्ह्यात वस्तूत खोट काढणारी माणसं पुष्कळ असतील, पण आमच्या साडूंच्या हातून बिनखोट सुटलेली वस्तू अजून जन्माला यायची आहे. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ त्यांनी मांडवातच कानाला लावलं आणि "सुस्त हाय" असा निकाल देऊन टाकला. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, नवरी होऊन शेजारीच बसली होती. आता आपला नंबर, या धास्तीनं सप्तपदीत आपण अडखळलो असं ती अजून सांगते. चपलेपासून चहापर्यंत आणि नांगरापासून नातजावयापर्यंत त्यांच्या तपासणीतून कुणी सुटलेलं नाही. मी निवृत्त शिक्षक आहे, जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्या; पण साडूंच्या तपासण्या नुसत्या बघून मी जितका दमलो, तितका त्या वह्यांनी दमलो नाही.

त्यांची शेती पेडगावला. ज्वारी दाण्यात आली की पाखरांचे थवे उतरतात. इतर लोक गोफण फिरवतात, ओरडतात, बुजगावणी उभी करतात. साडूंनी या सगळ्यांत खोट काढून छऱ्याची बंदूक आणली. नळी खाली वाकवून आतली स्प्रिंग दाबायची, छर्रा ठेवायचा आणि घोडा ओढायचा; ना दारू, ना धूर. पण पाखरावर त्यांनी कधीच नेम धरला नाही. पिकाच्या मधोमध बांबूला तेलाचा रिकामा डबा टांगायचा आणि बांधावर बसून त्या डब्याला छर्रा मारायचा, ही त्यांची रीत. ठण्ण आवाज झाला की थवा उठून शेजाऱ्याच्या रानात जातो, त्यामुळे शेजारी त्यांच्याशी बोलत नाही. "एक पाखरू मारलं तर एकालाच कळतं. डबा वाजवला की समद्या खानदानाला कळतं," असं ते समजावतात. त्यांचा डावा डोळा लहानपणापासून अधू. सगळा कारभार उजव्यावर. त्याचाही त्यांना तोराच. "निशान्याला एकच डोळा लागतो, गुरुजी. तुमाला दुसरा मिटायची मेहनत, आमाला ती बी न्हाई."

वय झालं तसं नेम धरायची बंदुकीची मागची खाच, पुढचा खुंट आणि लांबचा डबा हे तिन्ही एका वेळी नीट दिसेनात. तेव्हा कुणीतरी त्यांना फोनवर रेड डॉट दाखवला. बंदुकीवर एक छोटी काच बसवायची, तिच्यात लाल टिपका दिसतो, तो डब्यावर टेकवायचा, की झालं. खाच नको, खुंट नको. साडू हरखले आणि माझे हाल सुरू झाले. कारण कुरियरवाला पेडगावला जात नाही, म्हणून पत्ता माझ्या परभणीच्या घराचा. पार्सल आलं की मी मोटारसायकल काढायची, बांधावर जाऊन पोचतं करायचं, आणि वस्तू नापास झाली की तेच खोकं पुन्हा बांधून परत पाठवायचं. ज्या वयात माणसं हरिपाठ पाठ करतात, त्या वयात मला रेड डॉटचे गुणदोष तोंडपाठ झाले.

पहिला थोड्याच दिवसांत आतून खिळखिळा झाला, हलवला की खुळखुळ्यासारखा वाजायचा. त्यावर मला व्याख्यान ऐकावं लागलं. मोठ्या बंदुकीचा झटका फक्त मागं बसतो. स्प्रिंगची बंदूक आधी मागं ढकलते आणि लगेच पुढं हिसका देते. हा दुहेरी मार सोसेल असाच रेड डॉट घ्यायचा असतो. "दोनी बाजूनं मार खाऊन टिकनारा पायजे. जावयासारखा नाजूक न्हाई चालत," ते माझ्याकडे बघत म्हणाले. दुसरा मजबूत होता, पण प्रत्येक छऱ्यागणिक बंदुकीवरच्या पट्टीवरून केसभर मागं सरकायचा, आणि नेम डब्याला चुकून बांबूला लागायचा. साडूंनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा खाली घालून तो आवळला आणि जमलं तर जमलं या अर्थाची आमच्याकडची म्हण टाकली. "बनी तो बनी, न्हाई तर परभनी!" दोन दिवस बनी, तिसऱ्या दिवशी परभणी. मग पट्टीतल्या भोकात पक्की बसणारी, मागून अडवणारी खिळी असलेला तिसरा आला. तो हलला नाही, सरकला नाही. मला वाटलं, सुटलो.

"ह्याचा टिपका पसरायलाय," साडूंचा फोन आला. "टिकली घामानं ओघळावी तसा दिसायलाय. उजेड वाढवला की आनखीनच फुटतो." परत पाठवला. चौथ्याचाही टिपका पसरलेला. पाचव्याचाही. कंपन्या बदलल्या, तक्रार तीच. त्या हिवाळ्यात डबा क्वचितच वाजायचा आणि पाखरं निवांत दाणे टिपायची. अक्का मला बाजूला घेऊन म्हणाली, "चहात साखर समजून मीठ घातलं त्यांनी काल. वर चहातच खोट काढली."

सहावा घेऊन गेलो तेव्हा मी खरोखर वैतागलो होतो. साडूंनी तो बसवला, डोळा लावला आणि मान हलवली. "आणा इकडं," म्हणून बंदूक मी घेतली. काचेत पाहिलं. टिपका लखलखीत, वाटोळा, डब्याच्या बरोबर मध्यावर. माझ्या जिभेवर आलं होतं की हो, पसरलाय खरा. तेवढं बोललो असतो तर तो दिवस सुखाचा गेला असता.

"खरं सांगा, गुरुजी. गोल हाय?"

"गोल आहे," मी म्हणालो.

त्यांनी बंदूक माझ्या हातून घेतली आणि ज्वारीकडे पाहिलं. त्यांना त्यातली किती दिसत होती कोण जाणे. मग म्हणाले, "मला दिवाळीपासूनच ठाव हाय. पन नवा यायचाय तवर वाटायचं, खोट त्याच्यात हाय, माझ्यात न्हाई. मोतीबिंदू असंल म्हना. पन माझ्याकडं डोळा एकच हाय, गुरुजी. त्यालाच चाकू लावायचा म्हनल्यावर..." मला त्यांच्याबद्दल एकदम फार माया वाटली, आणि आजवरच्या सगळ्या वैतागाची लाजही वाटली.

मंगळवारी आम्ही परभणीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. मोतीबिंदूच होता, चांगला पिकलेला. डॉक्टर तरुण होते, ऑपरेशन सहज होईल म्हणाले. मी वाट बघत होतो की साडू आता त्यांच्यात खोट काढतील. पोरगेला हाय म्हणतील, हात कापतो म्हणतील. पण ऑपरेशनच्या दिवशी ते हिरवा झगा घालून बाकावर बसले, टोपी काढून अक्काकडे दिली आणि तिला अगदी जवळ बोलावून तिचं तोंड नीट पाहून घेतलं, जसं त्या लग्नाच्या मांडवात पाहायचं राहून गेलं असावं. "बेस हाय," एवढंच म्हणाले. आतून नाव पुकारलं तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला होता, आणि तो सोडवून त्यांना आत पाठवणं मला फार जड गेलं.