पन्हाळीजवळ ओतलेली बादली

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, पलटणीतल्या दोस्तांजवळ नाही — आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याच्याजवळ तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझ्या गावचे नाही म्हणून असेल. उद्या पारावर तुमची-माझी गाठ पडायची नाही.

मी माणूस रागीट. आवाज मोठा. फौजेत हवालदार होतो, तिथं तो कामाला यायचा. पेन्शनीत निघून गावी आलो तेव्हा एक गंमत कळली — इथंही आवाज चढवला की समोरचा माणूस प्रश्न विचारायचं थांबतो. आणि फौजी म्हटल्यावर तो खोटं बोलेल असं कुणाच्या मनातही येत नाही. या दोन गोष्टींवर मी किती दिवस काढले! पण ते पुढं येईल. आधी घराचं सांगतो.

आमचं गाव मेढ्याच्या अलीकडं, डोंगराच्या अंगाला. जुन्या खोलीला लागूनच नवं घर बांधायला काढलं. ठेकेदार विलास — माझ्याच वर्गातला, एकाच बाकावरचा. गवंड्यांच्या हाताखाली पाट्या उचलत वर आलेला. स्वतःचं मिक्सर घेतलेलं, गावातले निम्मे स्लॅब त्यानंच टाकलेले. माझ्या आईला काकी म्हणायचा. माझी नोकरी पंजाबात, काश्मिरात. आईच्या दुखण्याखुपण्याला धावून जाणारा हाच होता. खोटं कशाला बोलू? माझ्यापेक्षा त्यानंच तिचं जास्त केलं.

आमच्याकडं एक रीत आहे. स्लॅब टाकून झाला, नारळ फुटला, माणसं जेवून गेली की ठेकेदाराचं काम थांबतं आणि मालकाचं सुरू होतं. स्लॅबवर चिखलाची आळी बांधायची आणि त्यात पाणी भरून ठेवायचं, आटू द्यायचं नाही; आटलं की ओला स्लॅब तडकतो आणि पुढं गळतो. मालकानं पाणी मारायचं, यात कुठं लिहापढी नसते. शब्दावर चालतं. विलासनं आळी स्वतः बांधून दिली आणि जाताना म्हणाला, ‘‘फौजी, आता तुजी ड्यूटी. ऊन लय हाय, आटू दिऊ नगंस गड्या.’’

मी काय म्हणालो? हसलो. बर्फात उभं राहून पहारे दिलेत, म्हणालो, पाणी मारायचं मला काय सांगतोस.

पहिले काही दिवस मारलं. खरंच मारलं. जिना झालेला नव्हता, शिडीनं बादल्या वर न्यायच्या. नळाला एक दिवसाआड पाणी, नाहीतर विहिरीवरून आणायचं. बायको पोरांच्या शाळेपायी साताऱ्यात. घरात मी आणि आई, आणि आईचे गुडघे गेलेले — तिला शिडी कुठली चढायला होणार? ते जत्रांचे दिवस होते. आज या गावात बैलगाडीच्या शर्यती, उद्या त्या गावात. इतकी वर्षं रजा न मिळाल्यामुळं हुकलेल्या जत्रा! दोस्त गाडी घेऊन दारात यायचे आणि मी जायचो. आजचा एक दिवस, म्हणायचो. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणायचो.

आता जे सांगतो ते सांगायला जीभ जड होते.

संध्याकाळी परत आलो की आई खोलीतून हाक मारायची, ‘‘मारलं का रं पानी?’’ तिच्या खिडकीशेजारीच नव्या स्लॅबचं पाणी खाली सोडणारी पन्हाळ होती. मी शिडीवर चढायचो, एकच बादली घेऊन. आणि ती पन्हाळीच्या तोंडाशी ओतायचो. खाली खिडकीशी पाण्याचा आवाज व्हायचा. आईला बरं वाटायचं. आळी तिकडं कोरडी ठणठणीत, चिखलाला भेगा पडलेल्या. मी त्या रोज बघत होतो. विसरलो, राहून गेलं, असं म्हणायची सोय नाही — विसरणारा माणूस बादली पन्हाळीपाशी नेऊन ओतत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही नव्या घरात राहायला गेलो आणि पावसात ते गळायला लागलं. आमच्याकडचा पाऊस म्हणजे धरलं तर सोडायचं नाव नाही. आधी कोपऱ्यात ओल, मग मधोमध धार, मग कपाट, गाद्या, देवघर सगळं भिजलं. एक दिवस आईच्या खाटेवर छताच्या गिलाव्याचा खांड पडला. ती पाणी प्यायला उठली होती म्हणून वाचली. मी तो खांड हातात घेतला. मला माहीत होतं ना तो कशामुळं पडला.

आणि त्याच खांडासकट मी विलासच्या दारात गेलो आणि गल्ली गोळा होईस्तोवर ओरडलो. माझ्या आईला मारत होतास, म्हणालो. माल खाल्लास, म्हणालो. नुकसान भरून दे, नाहीतर कोर्टात खेचतो. तो आधी गोंधळला. मग माझ्याबरोबर आमच्या स्लॅबवर येऊन भेगा बघितल्या, बराच वेळ बघितल्या, आणि हळूच विचारलं, ‘‘पानी मारलं हुतंस न्हवं?’’

तो एकच प्रश्न होता, आणि बरोबर होता. मी त्याच्या अंगावर धावून गेलो.

प्रकरण गावापुढं आलं. खंडोबाच्या देवळात चार जाणती माणसं जमली. विलासनं हात जोडून सांगितलं, फौजीनं भंडारा उचलून शपथेवर म्हणावं की पाणी मारलं, मी सगळं घर नीट करून देतो, वरनं भरपाई देतो. ताटात भंडारा पुढं आला. माझा हात — हात उठेना हो. गुडघ्यावरच राहिला. तेवढं एक चांगलं होतं माझ्यात म्हणायचं का? नाही. मी देवाला घाबरलो, एवढंच. खरं बोलायला तोंड कुणी शिवलं होतं?

आईला खुर्चीवर बसवून आणलं होतं. तिला वाटलं, लेकावर संशय घेतला म्हणून लेक दुखावलाय. ती म्हणाली, ‘‘त्यानं कशाला? मी उचलते. रोज खिडकीशी पानी पडल्यालं ह्या कानांनी ऐकलंय मी.’’ आणि तिनं भंडारा उचलला. माझी आई — उभ्या जन्मात कुणाच्या बांधावरची काडी न उचललेली बाई! मी शेजारी बसून बघत राहिलो. एक शब्द बोललो असतो तर तिचा हात थांबला असता.

विलासनं तिच्या पायावर डोकं ठेवलं. त्यानंतर त्यानं सगळं केलं. स्लॅबवर नवा थर दिला, गिलावा पाडून परत केला, कपाटसुद्धा करून दिलं. त्यापायी मिक्सर विकलं. ज्याच्या स्लॅबविरुद्ध भंडारा उचलला गेला त्याला गावात काम कोण देणार? तो सांगलीकडं गेला, माधवनगरला, दुसऱ्याच्या हाताखाली. जाताना आईला भेटायला आला होता. मी मागच्या दारानं बाहेर पडलो.

मग मी स्वतःला एक कारण दिलं. खरं सांगितलं तर आईचा भंडारा खोटा ठरेल, म्हातारी खचून मरेल. ती आहे तोवर गप्प राहायचं. कारण चांगलं होतं. त्यावर मी कितीतरी पावसाळे काढले. आई त्याच घरात, त्याच खाटेवर, कोरड्या छताखाली गेली. आता ते कारण राहिलेलं नाही.

दहाव्याला विलास आला. माधवनगरहून एसटी बदलत बदलत आला, केस पिकलेले, खांदे पडलेले. वेण्णेच्या काठावर पिंड मांडेपर्यंत आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. मी विचारलं, काम कसं चाललंय. म्हणाला, ‘‘गिलावा करतो, फरशी बसवतो. स्लॅबला हात लावत न्हाई.’’ का, असं मी विचारलं नाही. तोच म्हणाला, ‘‘काकी खोटं बोलायची न्हाई. म्हंजे माजंच कायतरी चुकलं. काय चुकलं ते मातर अजून सापडत न्हाई बग.’’

ऐकताय ना? भरपाई देऊन तो मोकळा झाला नव्हता. माझी चूक तो स्वतःच्या हातांत शोधत होता. आणि मी? नदीत खडे टाकत होतो.

पिंडाला कावळा शिवेना. समोर झाडावर बसलेले, पण खाली उतरेनात. माझ्या बहिणीचे यजमान, दाजी, पुढं झाले, तुमच्या नातवंडांचं बघतो म्हणाले. भावकीतले एकेकजण काहीबाही बोलले. एक म्हातारे म्हणाले, ‘‘फौजी, आईचं काय ऱ्हायलंय ते तूच बोल.’’ काय राहिलं होतं ते मला ठाऊक होतं. सगळे माझ्याकडं बघत होते, विलाससुद्धा. मी हात जोडले आणि म्हणालो, आई, तुझी खोली आहे तशीच ठेवीन.

कावळा हलला नाही.

मग विलास उठला. चपला काढून पिंडापुढं गेला, गुडघे टेकले, आणि सगळ्यांदेखत हुंदके देत म्हणाला, ‘‘काकी, स्लॅबचं माजं चुकलं. तुजा जीव घ्याय बसलो हुतो. माफ कर मला.’’ तो मागं सरला आणि कावळा शिवला. भूक लागली असेल त्याला. माणसं मात्र माना डोलवायला लागली — बघा, म्हातारीचा जीव त्यातच अडकला होता.

विलास माझ्याकडं आला. डोळे पुसत मला मिठी मारली, म्हणाला, ‘‘सुटलो गड्या.’’ अजूनही बोलता आलं असतं. तो माझ्या गळ्यात होता, त्याचा कान माझ्या तोंडाशी होता.

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. जाऊ दे, झालं गेलं, म्हणालो. मी त्याला माफ केलं.